नावापाशी मुका होणारा माईक

“चाचा, एक विचारू? आभाराला तुमचं नाव आलं की माईक का जातो?”

मकबूलचाचा वायरीचं भेंडोळं सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पिन सैल हाय.”

“इतकी वर्षं?”

“व्हय.”

“आणि नेमकी तुमच्याच नावाला?”

“... पिनेला काय कळतंय, नाव कुणाचं ते.”

धैर्यशील मनातल्या मनात हसला. खरं कारण त्याला ठाऊक होतं. सगळ्या आंबेवडगावाला ठाऊक होतं.

गावात व्याख्यान असो, बक्षीस समारंभ असो की कुणाच्या निवृत्तीचा निरोप असो, माईक मकबूल शिकलगारांचा. आणि कार्यक्रम कितीही रंगो वा पडो, शेवटी आभार हे आलेच. अध्यक्षांचे आभार, पाहुण्यांचे आभार, देणगीदारांचे, मंडपवाल्याचे, चहावाल्याचे. आपल्याकडे आभार मानल्याशिवाय कुणी कुणाला घरी सोडत नाही. त्या यादीच्या शेपटाकडे कुठेतरी यायचं, “ध्वनिव्यवस्थेसाठी श्री. मकबूल शिकलगार.” आणि नेमकं तेवढंच ऐकू यायचं नाही. बोलणाऱ्याचे ओठ हलायचे, आवाज गडप. पुढचं नाव पुन्हा खणखणीत.

आधी लोकांना वाटलं, यंत्रात बिघाड आहे. मग कुणा चौकस माणसाने चाचांचं बोट पाहिलं. मिक्सरवर प्रत्येक माईकची एक सरकती पट्टी असते. वर सारली की आवाज वाढतो, तळाला ओढली की माईक मुका होतो. चाचा आपल्या नावापुरती ती पट्टी खाली ओढायचे.

झालं. गावाला तेवढं पुरे होतं. चाचा म्हणजे फकीर माणूस, नावाची हाव नाही, दुसऱ्याचा आवाज गावभर करतो आणि स्वतःच्या नावाला कुलूप घालतो, असं लोक पाहुण्यारावळ्यांना कौतुकाने सांगू लागले. चाचांनी कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. विचारलं तर पिन सैल.

धैर्यशील साळुंखे त्यांच्याकडे आला तो वरातीतल्या भिंती हादरवणाऱ्या साउंडचं काम सोडून. नाव धैर्यशील, छाती नावाला शोभेल अशी, आणि जीभ छातीहून दोन बोटं पुढे. पण पोरगा कामाचा होता, हे कबूल करायलाच हवं. वायर पीळ न पडता कशी गुंडाळायची, पिन कुठे तुटली ते नुसतं बोटांनी कसं चाचपायचं, बोलणारा माईकपासून लांब सरकला की पट्टी कशी त्याच्यामागून न्यायची, हे सगळं त्याने चाचांकडून उचललं. चाचा शिकवत नसत. ते करत आणि हा बघत असे.

सगळं शिकून झालं, एक विद्या राहिली, असं त्याने आपल्या मनाशी ठरवलं होतं. ती नावाची.

आज गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव होता, आणि चाचा मिक्सरला हात लावणार नव्हते.

“आज तू,” ते म्हणाले होते. “नीट झालं तर ही तुझी.”

ही म्हणजे त्यांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातली किल्ली. मिक्सर आणि माईक ज्या पत्र्याच्या पेटीत असत, तिची. चाचांनी ती कुणाच्या हातात कधी दिली नव्हती. आज सकाळीसुद्धा कुलूप त्यांनीच उघडलं आणि किल्ली पुन्हा सदऱ्याच्या आत टाकली.

धैर्यशीलची नजर त्या दोऱ्यावरून हलत नव्हती.

•

वाचनालयाचं सभागृह म्हणजे वर पत्रा, खाली फरशी, आणि भिंती धुऊन काढल्यासारख्या मोकळ्या.

धैर्यशीलने सगळं जोडलं आणि खटका दाबला.

घूंऽऽऽ...

चाचा दाराशी उभे होते.

धैर्यशील वायरीच्या कडेने वाकून चालत गेला. माईकची वायर पंख्याच्या विजेच्या वायरीला बिलगून पडली होती. त्याने ती उचलली, लांबून दुसऱ्या भिंतीकडून आणली. घूं थांबली.

“बघितलं, चाचा?”

“... हं.”

मग व्यासपीठावरच्या माईकने शिट्टी घातली. स्पीकरच्या बॉक्सचं तोंड माईककडे होतं, आपलाच आवाज माईक पुन्हा गिळत होता. दोन्ही बॉक्स धैर्यशीलने व्यासपीठाच्या पुढे नेले आणि तोंडं लोकांकडे वळवली. शिट्टी बंद.

“बघितलं?”

“हं.”

राहिला दणका. “हॅलो” म्हटलं की ते पत्र्याला जाऊन आपटायचं, भिंतीला आपटायचं आणि चार जणांनी म्हटल्यासारखं परत यायचं. शब्दाला शब्द चिकटायचा. धैर्यशील मिक्सरपाशी बसला आणि बटणं पिळू लागला. हॅलो. थोडं इकडे. हॅलो. थोडं तिकडे.

तेवढ्यात हौसाक्का सतरंज्या घेऊन आली.

हौसाक्का वाचनालय उघडल्या दिवसापासून तिथे झाडलोट करत होती. काखेत सतरंजीची वळकटी धरून ती भिंतीपासून भिंतीपर्यंत एकेक सतरंजी उलगडत गेली, सुरकुत्या पायाने सारख्या करत गेली. खिडक्यांना तिने धुतलेले पडदे लावले. इकडे धैर्यशीलचं हॅलो चालूच होतं.

शेवटची सतरंजी पडली तेव्हा हॅलो एकदाच गेलं आणि गेलं तिथेच राहिलं. परत आलं नाही.

धैर्यशील मागे टेकून बसला.

“काढला दणका. बटणं कशी फिरवायची ते हाताला कळायला लागतं.”

चाचांनी सतरंजीच्या कडेला चपला काढल्या. अनवाणी पायाने चार पावलं आत आले. खाली पाहिलं.

“लागतं,” ते म्हणाले.

हौसाक्का पदराने हात पुसत मिक्सरपाशी आली.

“धैर्या, आज माजं बी नाव घेनार हाईत म्हनं.”

“व्हय का, अक्का?”

“बिडकर बाईंनी सांगितलंय. त्यांनी पुरं नाव इचारलं, तवा मलाच जरा आठवावं लागलं. हौसाबाई ज्ञानू माने. गावात कोन म्हनतंय मला हौसाबाई माने?” ती हसली. मग तिने आवाज खाली आणला. “लेक आलीया सासरास्नं. नाती आल्यात. त्यांना म्हटलं, ऐकाय या... माज्या नावाला तेवढी शिट्टी बिट्टी मारू नगंस.”

“अक्का, तुझं नाव वेशीपर्यंत ऐकू जाईल. बाहेर कर्णा लावलाय तो कशाला? माझा शब्द.”

हौसाक्काने त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलाला मोडली आणि ती पाण्याचे तांबे भरायला गेली.

चाचा सगळं ऐकत होते.

“शब्द दिलास?”

“दिला.”

“... बरं.”

ते चालत गेले आणि शेवटच्या रांगेतल्या भिंतीलगतच्या खुर्चीवर जाऊन बसले.

“मिक्सरपाशी बसा की,” धैर्यशील म्हणाला. “इतक्या लांब कशाला?”

“आज मी ऐकाय आलोय.”

•

दुपारी सभागृह भरलं. सूत्रसंचालन हायस्कूलच्या बिडकर बाईंकडे होतं.

कार्यक्रम सुरू झाला आणि धैर्यशीलची बोटं पट्ट्यांवर चालू लागली. खोटं कशाला बोला, अभिमान वाटावा असंच त्याचं काम होतं. वाचनालयाचे अध्यक्ष माईक तोंडात घालून बोलायचे. त्यांनी श्वास घेतला की याने पट्टी उतरवलेली असायची, म्हणून फुसफूस कुणाला ऐकू आली नाही. एक सदस्य बोलता बोलता अर्धं वाक्य माईककडे आणि अर्धं पाहुण्यांकडे टाकत होते. याने दोन्ही अर्धी जोडून दिली.

पाहुणे म्हणजे एक वृद्ध प्राध्यापक. आवाज इतका मवाळ की समोरच्या फुलदाणीला ऐकू जाईल की नाही शंका. लहानपणी याच वाचनालयात त्यांनी पायरीवर बसून पुस्तकं वाचली होती, ते ती पायरी आठवून बोलत होते. लोक पुढे सरकून ऐकत होते. आणि मध्येच माईक मेला.

धैर्यशील उठला कधी, दुसरा माईक प्राध्यापकांच्या पुढे ठेवला कधी, परत येऊन पट्टी सारली कधी, हे पहिल्या रांगेतल्यांनाही नीट कळलं नाही. प्राध्यापकांना तर मुळीच कळलं नाही. त्यांचं वाक्य चालूच राहिलं.

धैर्यशीलने मागे पाहिलं.

चाचांचे डोळे मिटलेले होते.

झोपले की काय? त्याला जरा लागलं. इतका सुंदर हात चालवला आणि ज्याने बघायचा तो पेंगतोय.

ठीक आहे, तो मनाशी म्हणाला. अजून शेवट बाकी आहे.

•

बिडकर बाई आभाराला उभ्या राहिल्या.

अध्यक्ष. पाहुणे. देणगीदार, त्यांची नावं लांबलचक. ज्यांनी खुर्च्या दिल्या ते. ज्यांनी फुलं दिली ते. लोकांची चुळबुळ सुरू झाली, चपला शोधण्यासाठी पाय चाचपू लागले.

दाराशी हौसाक्का उभी होती. डोक्यावरचा पदर तिने दोनदा सारखा केला. शेजारी लेक, आणि लेकीच्या पुढे दोन नाती, नव्या फ्रॉकमध्ये.

“आणि आजच्या उत्तम ध्वनिव्यवस्थेसाठी...”

धैर्यशील या क्षणाची सकाळपासून वाट बघत होता. सकाळपासून कशाला, वर्षभर. आज या जागी त्याचं नाव येणार होतं. त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. अध्यक्षांचं लक्ष आहे. सदस्यांचं आहे.

त्याने पट्टी खाली ओढली. सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी.

बिडकर बाईंचे ओठ हलले. आवाज आला नाही.

पहिल्या रांगेत कुजबूज झाली. अध्यक्षांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. “बघितलंत? चाचांचाच चेला.”

“गुरूच्या वरताण निघाला,” शेजारी म्हणाला.

धैर्यशीलने डोळे खाली वळवले. नम्र माणसं वळवतात तसे. छाती अशी भरून आली होती की सदऱ्याची बटणं ताणली. नावाची हाव नसण्यात केवढं नाव आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं आणि ते त्याला फार गोड लागत होतं. बोट पट्टीवर तसंच राहिलं. उचलू नये असं वाटत होतं.

बाईंचे ओठ अजून हलत होते.

त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने पट्टी झटक्यात वर सारली.

“... यांचेही मनःपूर्वक आभार मानते आणि कार्यक्रम संपला असं जाहीर करते. राष्ट्रगीतासाठी सर्वांनी...”

खुर्च्या सरकल्या.

दाराशी हौसाक्का कानाजवळ हात धरून उभी होती. धाकटी नात तिचा पदर ओढत विचारत होती, “आज्जे, कवा घेनार?”

हौसाक्काने हात खाली आणला. तिने नातीच्या केसांवरून उगीच हात फिरवला.

उठावं की बसावं ते धैर्यशीलला कळेना. वेशीपर्यंत, असं तो सकाळी म्हणाला होता.

“बाई, जरा थांबा.”

आवाज शेवटच्या रांगेतून आला. माईक नव्हता, पण तो व्यासपीठापर्यंत सरळ गेला. अर्धवट उठलेली माणसं तशीच थबकली.

मकबूलचाचा उठले होते. सतरंजीच्या कडेकडेने, घाई न करता, ते चालत मिक्सरपाशी आले. धैर्यशीलकडे त्यांनी पाहिलं नाही. त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला आणि पट्टी धरली.

“पिन सैल हाय,” ते म्हणाले. “शेवटची दोन नावं परत घ्या.”

सभागृहात हसू पसरलं. गावाला ती पिन माहीत होती.

बिडकर बाईंनी चष्मा सारखा केला.

“आजच्या उत्तम ध्वनिव्यवस्थेसाठी श्री. धैर्यशील साळुंखे...”

चाचांचं बोट हललं नाही. नाव दोन्ही बॉक्समधून आलं, बाहेरच्या कर्ण्यातून गेलं. धैर्यशीलला ते आपलं वाटलंच नाही.

“... आणि वाचनालयाचं दार पहिल्या दिवशी उघडलं तेव्हापासून आजपर्यंत ज्यांनी ही वास्तू झाडून पुसून लख्ख ठेवली, त्या श्रीमती हौसाबाई ज्ञानू माने.”

चाचांनी पट्टी केसभर आणखी वर सारली.

माने हा शब्द बाहेर रस्त्यावर, चावडीवरून, पिंपळावरून पार पुढे गेला. पिंपळावरचे कावळे उठले.

हौसाक्काने हात जोडले नाहीत. ती हसलीही नाही. फोटो काढताना माणसं उभी राहतात तशी ती ताठ उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना सोडून. आधी प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. थोरली नात शेजारच्या बाईला सांगत होती, “आमची आज्जी हाय ती.”

टाळ्या थांबेपर्यंत चाचांनी पट्टीवरचं बोट काढलं नाही.

•

लोक गेले. धैर्यशील वायरी गोळा करत होता. त्याची बोटं आज वायरीला पीळ घालत होती.

हौसाक्का सतरंज्या गुंडाळायला आली. त्याच्यापाशी थांबली.

“धैर्या, गेलं का रं वेशीपतोर?”

त्याला तोंड वर करवेना.

“गेलं,” चाचा म्हणाले.

“माज्या लेकीनं मोबाईलवर घेतलंया. सासरी ऐकवनार म्हनती.” ती पुढे गेली. भिंतीपासून एकेक सतरंजी उचलू लागली. तिच्या पाठीला पोक होतं, पण आज ती ते विसरली होती.

“चाचा,” धैर्यशील म्हणाला. “चुकलं माझं.”

चुकलं माझं, पत्र्याने म्हटलं. भिंतीने म्हटलं.

तो दचकला. त्याने मिक्सरकडे पाहिलं. मिक्सर केव्हाच बंद होऊन पेटीत गेला होता. मग त्याने हौसाक्काच्या काखेतल्या वळकटीकडे पाहिलं, आणि उघड्या पडलेल्या फरशीकडे. बराच वेळ पाहिलं.

चाचा वायर गुंडाळत होते.

“पण एक सांगा,” त्याने आवाज खाली आणला. “इतकी वर्षं तुम्ही स्वतःचं नाव खाली ओढलंत. ते चाललं. मी ओढलं तर...”

“मला लाज वाटायची.”

“... काय?”

“लाज. आपलं नाव भोंग्यातनं आलं की घाम फुटायचा. पोरगा होतो तवापासनं. अजून फुटतोय.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

“आणि सगळं गाव म्हणतं की चाचा म्हणजे...”

“गावाला काय काम हाय?”

धैर्यशील खाली बसला. त्याला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. त्या पट्टीपुढे तो वर्षभर मनातल्या मनात हात जोडत होता.

चाचांनी वायरीला गाठ मारली. मग विचारलं, “पट्टी ओढलीस तवा बघत कुटं हुतास?”

“... पुढच्या रांगेत.”

“मी मागच्या रांगेत हुतो.”

“ठाऊक आहे.”

“कशाला हुतो?”

धैर्यशीलने मागच्या भिंतीकडे पाहिलं.

चाचांनी उपरण्याने कपाळ पुसलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त थोडा हळू.

“तुजं नाव ऐकाय.”

पत्र्यावर एक कावळा उतरला. त्याच्या नख्यांचा आवाज आत आला.

“माज्या हातचा पोरगा,” चाचा म्हणाले. “सकाळधरनं कान लावून बसलो हुतो. लेकराची आई बसती तसा. आनि तू गिळलंस.”

धैर्यशीलने मान खाली घातली. या वेळी ती आपोआप गेली, पुढच्या रांगेत कुणी नव्हतं.

चाचांनी गळ्यातला काळा दोरा डोक्यावरून काढला. किल्ली हातात घेऊन अंगठ्याने पुसली. आणि दोरा धैर्यशीलच्या गळ्यात घातला.

“नको, चाचा. आज नीट झालं नाही.”

“आवाज नीट झाला.”

“पण...”

“प्रोफेसरांचा माईक मेला. त्यांनी मदी श्वास घेतला, तेवढ्यात तू दुसरा दिलास. मला न्हाई जमलं असतं. कवाच न्हाई जमलं.”

“तुमचे तर डोळे मिटलेले होते.”

“डोळ्यांनी ऐकत्यात व्हय?”

धैर्यशीलने किल्ली मुठीत धरली. ती चाचांच्या अंगाची ऊब घेऊन आली होती. त्याची छाती पुन्हा भरून आली. मघा भरली होती तशी नाही, ही दुखत होती, आणि त्याला तसंच बरं वाटत होतं. माझ्या हातचा पोरगा, असं चाचा म्हणाले होते. माईक नसताना म्हणाले होते.

हौसाक्काने शेवटची सतरंजी गुंडाळली. धैर्यशील उठला, न सांगता तिच्या हातातली वळकटी घेतली, कोपऱ्यातल्या फळीवर नेऊन ठेवली आणि परत आला.

चाचा दाराशी चपला घालत होते.

“चाचा, शेवटचं विचारतो.”

“इचार.”

“पुढच्या कार्यक्रमात माझं नाव आलं, तर पट्टी वर ठेवू की खाली ओढू?”

चाचांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. उंबऱ्यावर क्षणभर थांबले.

“तुज्यानंतर कुनाचं नाव हाय, तेवढं आधी इचारून ठेव.”